सातवं चाक

दादा, स्टेपनी मिळाली.

मिळाली ती नेमकी तुझ्या बाराव्याच्या दिवशी. घरापुढच्या खळ्यात पानं मांडून झाली होती, वहिनी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती आणि मी वाढप्यांवर उगाचच खेकसत होते. एवढ्यात फाटकाशी तीनचाकी टेम्पो थांबला आणि कुणीतरी हाळी दिली, "ओ दादानू, खंय आसात? बघा काय हाडलंय ता!"

तारकर्लीचा वासू. चार वर्षांपूर्वी आपण त्याच्या माडांच्या बागेत गेलो होतो, तू त्याला चाकाच्या भोकांचा पुठ्ठा देऊन आला होतास, तोच. चाक घरंगळवत तो खळ्यात शिरला. मांडव दिसला, पानं दिसली, तुझ्या सुधीरचं तुळतुळीत डोकं दिसलं आणि तो जागच्या जागी थांबला. चाक मात्र थांबलं नाही. ते दोन हात पुढे गेलं आणि पडवीला तुझा तो टायर पडून असतो ना, त्यावर जाऊन आडवं झालं.

"माका कोणी सांगूकच नाय, बाय," वासू म्हणाला. "फोन लावलंय, लागाक नाय. म्हटलां, सरळ घेवनच जावया."

त्याच्या घरातली भाताची जुनी कणगी यंदा मोडली. तिला ओल लागू नये म्हणून त्याच्या आजोबांनी कधीकाळी खाली काहीतरी गोल लोखंडी ठेवलं होतं. ते उपसून बघतो तर चाक. देवांच्या तसबिरीमागे खोचून ठेवलेला तुझा पुठ्ठा काढून त्याने लावून बघितला. सहाही भोकं जुळली. हे सगळं तो मला सांगत होता आणि बाया पदर डोळ्यांना लावत होत्या. मी रडले नाही. मी खाली बसून चाकाची भोकं पुन्हा मोजली. तू गेल्यापासून मला रडायलाच आलेलं नाही, हे लोकांच्याही लक्षात आलं असावं.

तुला हाक कशी मारायची, हाच माझा घोळ झालाय. दादा म्हणते खरी, पण ते चारचौघांत. एरवी तू मेल्या. उशिरा आलास की मेल्या, चहा सांडलास की मेल्या, फार माया आली की मग तर हमखास मेल्या. आई मला ओरडायची, "थोरलो भाव तो तुजो, मेल्या काय म्हणतंस गो?" आणि लगेच तुझ्याकडे वळून, "मेल्या, समजाय तिका जरा!" आपल्या मुलखात हा शब्द जिवंत माणसाचा. मेलेल्याला कोण मेल्या म्हणतं? त्याला कैलासवासी म्हणतात. गेले काही दिवस तो शब्द जिभेवर येतो आणि मी तो गिळते. साठ वर्षं वापरलेली हाक अशी एका सकाळी बाद व्हावी, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

समाचाराला येणारी माणसं परसातल्या मांगरात, त्या जुन्या छपराखाली, डोकावून जातात. आत बाबांची ती सर्विस मोटर उभी. आपल्या कट्टा गावाहून मालवण बंदरापर्यंत माणसं घेऊन जायची. लांब नाकाची, लाकडी सांगाड्याची, कपाळावर 'श्री सातेरी प्रसन्न'. धंदा बसला तेव्हा बाबांनी चाकं एका ट्रकवाल्याला देऊन टाकली आणि गाडी चार बाजूंनी चिऱ्यांवर चढवून ठेवली. चाकांचे नट मात्र काढून डब्यात नाही घातले. एकेक नट तेल लावून परत आपल्या बोल्टावर बसवला. चाकं उद्या सकाळी येणार असल्यासारखा. आपण त्या गाडीत भातुकली खेळलो, ड्रायव्हरच्या सीटखाली कोंबड्या अंडी घालून गेल्या. तू पुढे खात्यात लागलास, जन्मभर सरकारी बस चालवलीस, पण घरी आलास की चपला काढायच्या आधी मांगरात एक फेरी असायचीच.

मी कुडाळच्या कचेरीतून निवृत्त झाले त्याच महिन्यात तुझा फोन आला. "सुमे, बाबांची गाडी चाकांवर घालूया." मला वाटलं, तुला वेड लागलं. मी तसं म्हटलंही. मग आपली वाटणी ठरली, लोखंड तुझं आणि कागद माझे. इंजिन तू वर्षभरात सुरू केलंस, धुराने मांगरातली वटवाघळं उठली त्या दिवशी वहिनीने नारळ फोडला. मला वाटलं झालं काम. काम तर तिथून सुरू झालं. इंजिन दुरुस्त करता येतं, चाक दुरुस्त करून मिळत नाही. ते असावं लागतं.

टायर हवा होता साडेसात-वीसचा. दुकानदार साडेसात ऐकायचे आणि सोळाचा काढून पुढ्यात टाकायचे. कुडाळच्या एका दुकानदाराने तर तुला समजावलं, "सोळाचो घेवा ओ. उभीच तर रवतली गाडी, कोण बघूक जाता?" तू त्याच्याकडे असं बघितलंस की मीच घाबरले. "उभीच रवाची आसती," तू म्हणालास, "तर चिरे काय वायट होते?" आणि चालू लागलास. पुढे मी माझ्या कचेरीतल्या मराठीत कोल्हापूरपर्यंत फोन केले. 'आपल्याकडे उपलब्ध असल्यास कृपया कळवावे.' तू शेजारी बसून तोंड दाबून हसायचास आणि फोन ठेवला की 'सायबीण' म्हणून चिडवायचास. त्या सायबिणीनेच टायर मिळवले, हे विसरू नको. ट्रॉल्यांचे टायर विकणाऱ्या एकाकडे निघाले. पहिल्यांदा गेलो तेव्हा तू प्रत्येकात अंगठ्याचं नख रुतवून बघितलंस, कडेवरचे बनावटीच्या तारखेचे चार आकडे वाचलेस आणि सगळे नापास केलेस. एकदाही रस्ता न बघितलेला टायर नुसता पडून पडून म्हातारा होतो, हे मला तेव्हा कळलं. त्या माणसाला परत दोनदा फोन करावे लागले. शेवटी ताजे सात आले.

टायर सात आणि चाकं एकही नाही. त्यांची तऱ्हा वेगळी. ती सहा नटांची, तुकड्यांची चाकं, टायर आत बसवून वरून रिंग आणि लॉक ठोकायचं. आता कुणी बनवत नाही. तू कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा गोल कापलास, त्याला मापाने सहा भोकं पाडलीस आणि तो पिशवीत घालून गावोगाव हिंडलास. भंगारवाल्यांकडे, बेळगावच्या आवारांत, टायरच्या बैलगाड्या असतील तिथे. कुणाच्या विहिरीवर, कुणाच्या गोठ्यात काही गोल दिसलं की पुठ्ठा बाहेर. लग्नाला गेलो तर तू मांडवात नाही, मागच्या अंगणात. जिथे चाक मिळालं नाही तिथे एक पुठ्ठा ठेवून यायचास. म्हणायचास, राहू दे, कधी लागला तर लागला. सहा वर्षांत सहा चाकं. दोन पुढची, चार मागची. गाडी चिऱ्यांवरून उतरली. आणि तू म्हणालास, आता सातवं.

इथे आपलं बिनसलं. बाबांचा नियम होता, "स्टेपनी नाय तर गाडी नाय." फार वर्षांपूर्वी कुणालातरी अडल्याला स्टेपनी देऊन बाबा वऱ्हाड घेऊन निघाले आणि मोरीवर टायर बसला. नवरा बाशिंग बांधून चालत मांडवात गेला. बाबांनी ते इतकं मनाला लावून घेतलं की पुढे स्टेपनीशिवाय गाडी त्यांनी फाटकाबाहेर नेली नाही. तुझ्यासाठी तो वेदच. सातवा टायर रिकामाच पडवीत आडवा पडला, त्यावर गोणपाट घालून तू संध्याकाळचा चहा प्यायला बसू लागलास आणि सातव्या चाकाची वाट बघू लागलास.

त्याआधीचा, चाकं चढवतानाचा माझा पराक्रम. तू पाणी प्यायला गेला होतास. पुढच्या डाव्या चाकाचे नट मला काढून हवे होते, गंजलेले, हलेनात. मी पान्याला पाइप लावला आणि पाइपावर उभी राहिले. खाडकन आवाज झाला आणि बोल्ट तुटून माझ्या पायाशी पडला. तू धावत आलास. "उलटे आटे गो! डाव्या बाजूक उलटे आटे आसतत!" चाक ज्या अंगाने फिरतं त्याच अंगाने नट आवळत जावा, म्हणून डावीकडे आटे उलटे पाडतात, हे तू मला नंतर शांतपणे सांगितलंस. मी सैल करते म्हणून जीव खाऊन घट्टच करत होते. उलट्या आट्यांचा नवा बोल्ट कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत कातून आणला. पाच काळे आणि एक चकचकीत, त्याला तू नाव ठेवलंस 'सुमीचो बोल्ट'. त्यानंतर मी कुठल्याही गोष्टीवर अडले की तुझं ठरलेलं वाक्य, "तुजे आटेच उलटे. सैल करूक गेल्यार आणखीनच आवळतंस."

खोटं नाही ते. तू गेल्यावर बायका माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणत होत्या, रड गो, मोकळी हो. आणि मी आणखी आवळत गेले.

आता ते सांगते जे कुणाला सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी तुला जड उचलायला बंदी केली, त्यानंतर मी आले होते. तू टायरवर बसला होतास, हातात कप. तुझा चेहरा बघून मला भीती वाटली आणि मला भीती वाटली की राग येतो, हे तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, बस झालं आता. सहा चाकं आहेत, इंजिन चालतंय, उद्याच्या उद्या बंदरापर्यंत जाऊन येऊ. जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाची वाट, रस्ता चांगला, जागोजागी पंक्चरवाले. तू मान हलवलीस. "आताचो पंक्चरवालो ह्या चाकाक हात लावचो नाय. वाटेत बसली तर काय बाबांचा नाव घालवचा?"

मी ओरडले, "मेल्या, तू मेल्यावरच मेळतली तुका ती स्टेपनी!"

वहिनी दारात आली होती, ती आत गेली. तू मात्र हसलास. कप खाली ठेवलास आणि म्हणालास, "मेल्यार मेळली तरी चलात गो. गाडयेक लावतलंस मां?"

मी उत्तर दिलं नाही. पिशवी उचलली आणि तणतणत कट्ट्याच्या स्टँडवर जाऊन कुडाळच्या बसमध्ये बसले. त्यानंतर आपण फोनवर बोललो, दोन-तीनदा बोललो, औषधांबद्दल आणि पावट्याच्या बियाण्याबद्दल. 'होय, लावीन' एवढं काही मी म्हटलं नाही. म्हणेन म्हणेन करत तीन आठवडे गेले आणि मग सुधीरचा फोन आला.

म्हणून वासूचं चाक त्या टायरवर आडवं झालं तेव्हा मला काय वाटलं ते तूच समजून घे. माझं वाक्य खरं झालं होतं, अक्षरशः. मी वासूला जेवायला बसवलं. तो म्हणाला, "ह्या आता मी परत नेवचंय नाय. दादांचाच आसा ह्या." आणि भाताकडे बघत जेवला.

दुसऱ्याच दिवशी एक लॉजवाला आला. त्याला गाडी हवी होती, समुद्राकडच्या माडांत ठेवायला. आत टेबलं मांडणार, दिवे लावणार, पर्यटक बसून माशाचं जेवण जेवणार, फोटो काढणार. चाकांची गरज नाही म्हणाला, चिऱ्यांवर बसवू. सुधीर मुंबईला नोकरीवर परत जायचा, त्याची रजा आठवड्याची उरलेली. तो म्हणाला, "आत्ये, खरं सांगू? या गाडीने बाबांना खाल्लं. जाऊ दे तिला." त्याच्यावर मी रागावू शकले नाही. बाप गेलेल्या मुलाला गाडीचा राग येणारच. मी फक्त म्हटलं, स्टेपनी लावायची आहे. मी शब्द दिलाय. एकदा बंदरावर नेऊन आणू, मग तुला काय करायचं ते कर. शब्द दिलाय हे खोटं होतं, दादा. द्यायचा राहिला होता.

तुझा तो टायर पडवीतून उचलताना वहिनीने गोणपाट झटकलं आणि घडी करून आपल्या उशीशी ठेवलं. चाकात बसवला, पण हवा भरायला कट्ट्याचा पंक्चरवाला तयार होईना. "लॉक उडालो तर मुंडक्यार बसतलो," म्हणाला. तू म्हणाला होतास तसंच. वासूने तारकर्लीहून होडीच्या नांगराची साखळी आणली, चाकाला आडवीतिडवी गुंडाळली, सगळ्यांना लांब उभं केलं आणि मग हवा भरली. लॉक नीट बसलं. सुधीरने स्टेपनी मागे तिच्या जागी चढवली आणि हात पुसत गाडीकडे जरा वेळ बघत राहिला.

परवा सकाळी निघालो. सुधीर चालवायला, तूच शिकवलेला, त्यामुळे वळणावर तुझ्यासारखाच पुढे झुकतो. वहिनी, वासू आणि मी मागे. वहिनीने बाबांच्या वेळच्या कंडक्टरची जागा धरली, दाराजवळची. कट्ट्याच्या बाजारातून गेलो तेव्हा दुकानांतून माणसं बाहेर येऊन उभी राहिली. एका म्हाताऱ्याने हात करून गाडी थांबवली आणि "बंदरार जाता?" म्हणून चढून बसलासुद्धा. मी खिडकीतून बघत होते. सगळं सुरळीत चाललं होतं आणि मला वाटत होतं, बघ, मी म्हणत नव्हते? स्टेपनीशिवायच जाता आलं असतं. तू या सीटवर असतास. त्या एका हट्टापायी तू ही फेरी घालवलीस. माझा तुझ्यावरचा राग, बाराव्यापासून आवरून धरलेला, तो त्या रस्त्यावर वर आला.

मालवण जवळ आलं, उताराला लागलो आणि गाडी डावीकडे ओढू लागली. सुधीरने सांभाळून कडेला घेतली. उतरून बघितलं. पुढचं डावं. कसलीशी गंजकी तार घुसली होती, टायर पार बसला होता. समोरच एक पंक्चरवाला होता. आला, चाकाभोवती फिरला, हात मागे बांधले आणि म्हणाला, ह्या आपल्याक जमाचा नाय.

वासूने स्टेपनी खाली घेतली. सुधीरने जॅक लावला, पाना लावला आणि जोर काढू लागला. नट हलेना. त्याने पाइप लावला. पाइपावर पाय ठेवला. मी बघत होते. पाच काळ्या बोल्टांत माझा तो एक चकचकीत बोल्ट, आणि पाना नेमका त्याच्यावर.

"उलटे आटे, मेल्या!" मी ओरडले. "उलटे! डाव्या बाजूक उलटे आसतत!"

रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. सुधीर पाय तसाच वर धरून थांबला. आणि दारातल्या जागेवरून वहिनी, तू गेल्यापासून पहिल्यांदा, हसली. "आयकलंस?" ती सुधीरला म्हणाली. "अगदी तेंच्यासारकी ओराडली." मग तिला हसूही आवरेना आणि रडूही. सुधीरने पाना दुसऱ्या अंगाला फिरवला. नट सुटला. एकामागून एक सहाही सुटले. मी रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडावर बसले आणि रडले. चांगली मोठ्याने रडले, तो अनोळखी म्हातारा पाण्याची बाटली घेऊन शेजारी उभा राहीपर्यंत.

वासूच्या कणगीखालचं चाक, तुझ्या बसण्याचा टायर. सुधीरने ते बसवलं, सुमीचो बोल्ट शेवटी आवळला, योग्य अंगाने. मग चाकाला टेकून बसला आणि म्हणाला, "आत्ये, त्या लॉजवाल्याला तूच फोन कर. तुझ्या त्या कचेरीतल्या भाषेत. गाडी द्यायची नाही म्हणून कळव."

आम्ही बंदरावर गेलो. वहिनीने गाडीच्या नाकावर आणि पुढच्या डाव्या चाकावर समुद्राचं पाणी शिंपडलं. बाबांचं नाव गेलं नाही. कुणाला चालत जावं लागलं नाही.

तू मला विचारलं होतंस, त्याचं उत्तर द्यायला मला उशीर झाला. होय, लावली. आणि आपलं भांडण मी हरले. बरोबर तूच होतास.

मेल्या, स्टेपनी लागली रे.